विनंती थांबा

बाबांनी एकतीस वर्षं परभणी डेपोत कंडक्टरकी केली,
त्यामुळे माझ्या युरोपचा हिशोब
जुन्या वेबिलांच्या पाठीवर मांडला गेला.
"युरोला शंभर धर," ते म्हणाले,
"खरा भाव काही का असेना.
सुट्ट्याची कटकट नको, अन् उरले तर तुलाच."

मी तासिकांवर गणित शिकवते.
मला रुपये कळत नाहीत, तास कळतात.
बर्लिनची एक खाट, आठ जणींच्या खोलीत:
पाच तास.
एक कॉफी: पाऊण तास,
म्हणजे विकलनाचं पहिलं उदाहरण
मागच्या बाकापर्यंत पोचेस्तोवर.
व्हेनिसच्या होडीचा दर वाचला
आणि अख्खं दुसरं सत्र मिटून ठेवलं.

मे महिना. भिंतीला टेकलं तर भिंत भाजते.
लाईट गेलेली, फरशीवर नकाशा,
बाबांच्या घामाचा एक थेंब पोलंडवर.

पास काढावा की सुटी तिकिटं, यात दोन दिवस गेले.
मला पास हवा होता:
महिन्यातले सात दिवस,
कुठंही चढा, कुठंही उतरा.
बाबा म्हणाले, "पासवाला मी ओळखतो.
पैसे फिटले पाहिजेत म्हणून हिंडत राहतो.
गाव बघत नाही."

मग एक विमान सापडलं, नांदेडच्या शिवशाहीपेक्षा थोडंच महाग.
मी ओरडलेच.
त्यांनी फक्त विचारलं, विमानतळ शहरापासून किती लांब?
सत्तर किलोमीटर.
"मानवत रोड," ते म्हणाले.
एवढंच. मला कळलं.
नाव मानवतचं, स्टेशन रानात,
आणि उतरल्यावर ऑटोवाला म्हणेल तो भाव.

असं एकेक ठरत गेलं.
बर्लिन ते प्राग बस, दिवसाची.
प्राग ते व्हिएन्ना रेल्वे, दोन महिने आधी काढलेली.
व्हिएन्ना ते व्हेनिस रात्रीची, बसून,
"लॉजचे पैसे वाचतात. मान आखडंल,
पण तुझं वय हाय आखडायचं."
गाडी बदलायला चाळीस मिनिटं ठेवायची.
पाच मिनिटांत बदलू म्हणणारी माणसं
त्यांनी जिंतूरच्या स्टँडवर रडताना पाहिली आहेत.

म्युनिच कापलं.
ल्युब्लियाना कापताना पेन्सिल अडखळली,
उच्चार दोघांनाही येत नव्हता तरी.
पॅरिसवर मात्र त्यांनी रेघ मारली नाही.
बारीक अक्षरात बाजूला लिहिलं:
विनंती थांबा.

शेजारच्या गोदूमावशी म्हणतात,
"जगात जर्मनी, भारतात परभणी.
म्हंजे अर्धं तर तुझं बघून झालंय की."

राहिलं वजन.
सॅक आली, पण तिच्यात भरायला अजून काही नव्हतं,
म्हणून नऊ किलो ज्वारी,
झंवरच्या काट्यावर मोजून, पिशवीसकट.
सकाळी सहाला निघाले,
वसमत रोडपासून स्टेशन, आणि परत,
न टेकता. बाबा दारात, हातात घड्याळ.
जाताना ठीक होतं.
येताना पट्टा खांद्यात रुतला, आणि ऊन आलं,
आणि मला पहिल्यांदाच वाटलं
की प्रागलाही चढ असतील.

मुंजाजीनं गिरणीतून हाक मारली,
"मॅडम, दळण का? येवढ्या मोठ्या दप्तरात?"
मी खरं सांगणार होते. तेवीस दिवस, चार देश.
पण खांदे दुखत होते,
गिरणीला लाईट होती,
आणि घरात पीठ खरंच संपलं होतं.

उरलेला रस्ता पाठ गरम, भाकरीच्या वासाची.
वजन जवळपास तेवढंच.

"अठरा मिनिटं लेट," बाबा म्हणाले.
सॅकमध्ये हात घातला, पांढरा झालेला बाहेर काढला,
काही विचारलं नाही.
वेबिल उलगडलं.
प्रत्यक्ष खर्चाचा रकाना महिनाभर कोरा होता.
त्यात पहिली नोंद केली:
दळण, पंचेचाळीस रुपये.
आणि सवयीनं खाली सही.